काच फुटावी, पण निखळू नये

दसरा सरला आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटली की कोल्हापूर जिल्ह्यातील रस्ते उसाचे होतात. कागल असो, शिरोळ असो वा हातकणंगले, तिन्हीसांजेनंतर रस्त्यावर एकामागे एक जोडलेल्या ट्रॉल्यांची, बैलगाड्यांची आणि मालमोटारींची रांग लागलेली असते. उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या मागे हात-दोन हात बाहेर आलेल्या असतात. मागे दिवा नसतो. रिफ्लेक्टर असलाच तर तो चिखलाने माखलेला किंवा पाचटाखाली झाकलेला असतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रखर प्रकाशात मोटारचालकाचे डोळे क्षणभर दिपतात आणि त्याच क्षणी पुढची ट्रॉली अंधारातून एकदम अंगावर येते. दर हंगामात असे अपघात होतात, वृत्तपत्रांत चार ओळी छापून येतात आणि गाळप पुढे सुरू राहते.

ट्रॉलीला दिवा का नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. तो कारखान्यांना, वाहतूकदारांना आणि परिवहन खात्याला विचारलाच पाहिजे. तथापि, त्या क्षणी उसाचे टोक आणि मोटारीतील माणसाचा चेहरा यांच्यामध्ये नेमके काय असते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तेथे असते ती जेमतेम पाच-सहा मिलिमीटर जाडीची एक काच. मध्यमवर्गीय कुटुंब मोटार घेताना लिटरला किती जाते हे विचारते, रंग पाहते, हप्ता मोजते, मुहूर्त काढते. पुढच्या काचेकडे मात्र ते केवळ बाहेरचे दिसण्याची सोय म्हणून पाहते. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत मोठी आहे.

दोन काचा आणि एक पापुद्रा

मोटारीच्या पुढच्या काचेला लॅमिनेटेड काच म्हणतात. ती एक काच नसते. सुमारे दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिराल या पारदर्शक, चिवट प्लॅस्टिकचा पाऊण मिलिमीटर जाडीचा पापुद्रा घातलेला असतो. दाब आणि उष्णता देऊन हे तिन्ही थर असे एकजीव केले जातात की, डोळ्यांना सांधा दिसत नाही. आघात झाला की काच तडकते, तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. परंतु तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. पापुद्रा स्वतः ताणला जातो, मूळ लांबीच्या दुपटीहून अधिक ताणू शकतो, आणि आघाताची पुष्कळशी ऊर्जा स्वतःत जिरवतो. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात किंचित मागे नेतो, तसेच काहीसे.

ही कल्पना सुचली ती फ्रान्समधील एदुआर बेनेदिक्तस या रसायनशास्त्रज्ञाला. हा गृहस्थ चित्रकार आणि अलंकरणकारही होता. १९०३ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतील काचेचा चंबू फळीवरून खाली पडला. चंबू तडकला, पण त्याचा चुरा झाला नाही. आत पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या द्रावणाचा पातळ थर वाळून काचेला चिकटला होता. पुढे मोटार अपघातांत फुटलेल्या काचांनी माणसे जखमी झाल्याच्या बातम्या त्याच्या वाचनात आल्या आणि त्याला तो चंबू आठवला, असे सांगितले जाते. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतले. मोटार उत्पादकांनी आरंभी खर्चाकडे पाहून या काचेला दूर ठेवले. तिचा पहिला मोठा उपयोग झाला तो पहिल्या महायुद्धात, विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांसाठी. शांततेच्या काळातील प्रवाशांना तिचा लाभ मिळायला १९२० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. सेल्युलोजचा थर उन्हाने पिवळा पडत असे. तो दोष १९३० च्या दशकात आलेल्या नव्या प्लॅस्टिकने दूर केला.

तरीही एक उणीव राहिली होती. पापुद्रा पातळ असे तोवर जोराच्या धडकेत माणसाचे डोके काच भेदून बाहेर जाई आणि भोकाची धारदार कड मानेभोवती बसे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत पापुद्र्याची जाडी दुप्पट करण्यात आली आणि चेहऱ्यावरील भीषण जखमा लक्षणीयरीत्या घटल्या. आज या काचेची परीक्षा कशी घेतात, हे पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार सव्वादोन किलोहून थोडा अधिक वजनाचा पोलादी गोळा चार मीटर उंचीवरून काचेवर टाकतात. काच फुटली तरी हरकत नाही. गोळा पाच सेकंदांत आरपार जाता कामा नये. मानवी डोक्याच्या आकाराचा दहा किलोचा गोळाही दीड मीटरवरून टाकून पाहतात. काच फुटणार हे येथे गृहीतच धरलेले आहे. प्रश्न एवढाच की, फुटल्यावर ती आपली जागा सोडते की नाही.

अ‍ॅम्बॅसेडरच्या काळातील पांढरा अंधार

पन्नाशी ओलांडलेल्या कोल्हापूरकरांना जुन्या गाड्यांच्या काचा आठवत असतील. अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात पुढची काचही बहुधा टफन केलेली असे. काच सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केली की, ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते आणि फुटलीच तर बोथट, खडीसाखरेएवढ्या तुकड्यांत फुटते. बाजूच्या व मागच्या खिडक्यांना ही काच उत्तम. पुढे मात्र तिचा एक घातक अवगुण होता. आंबा घाटात किंवा गगनबावड्याच्या उतारावर समोरच्या मालमोटारीच्या चाकाखालून एक खडा उडाला की सगळी काच एका क्षणात पांढरीफटक होई. चालकाला पुढचे काहीच दिसेना. मग मुठीने काच फोडून वाट पाहायची, अंगावर खडे घ्यायचे आणि वारा खात घरी यायचे, हा अनेकांचा अनुभव. जे घरी आले, त्यांचा.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १९९३ साली दुरुस्ती झाली आणि तीन वर्षांच्या मुदतीनंतर तयार होणाऱ्या वाहनांना (दुचाकी व शेतीचे ट्रॅक्टर वगळून) पुढची काच लॅमिनेटेडच असणे बंधनकारक झाले. नियम क्रमांक १०० मध्ये या काचेची व्याख्याही दिली आहे. नव्वदच्या दशकात शासनाने केलेल्या ज्या थोड्या गोष्टींचे गुणगान करायला कोणी उरले नाही, त्यांपैकी ही एक.

या दुरुस्तीचे मोल ६ डिसेंबर २०२२ रोजी सीमाभागात पुन्हा दिसले. बेळगावजवळ हिरेबागेवाडी येथे महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मालमोटारींवर दगडफेक झाली आणि समोरच्या काचा फोडण्यात आल्या. कोल्हापूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रत्येकाचा तो रोजचा मार्ग. दगडफेक करणाऱ्यांच्या भाषिक उन्मादाचा निषेध करावा तेवढा थोडाच. परंतु महाराष्ट्रातील कोणत्याही आंदोलनात पहिला दगड एस.टी.च्याच काचेवर का पडतो, हेही येथल्या संघटनांनी स्वतःला विचारावे. चालकाच्या जागी बसलेला माणूस कोणत्याही मागणीला विरोध करत नसतो. तो डोळ्यांत काच जाऊ न देता पन्नास प्रवासी थांब्यापर्यंत नेण्याच्या विवंचनेत असतो.

चिकटवणाऱ्या डिंकाची गोष्ट

काच कितीही चांगली असली तरी ती ज्याने गाडीला धरून ठेवली आहे, त्याचे काय? खरी अनास्था येथे आहे. जुन्या गाड्यांत काच रबराच्या पट्टीत बसवलेली असे. आताच्या मोटारीत ती पॉलियुरेथेनच्या चिकट द्रव्याने पत्र्याला जोडलेली असते आणि त्या जोडामुळे ती गाडीच्या सांगाड्याचाच भाग बनते. गाडी उलटली तर टप खाली दबू नये म्हणून जो आधार मिळतो, त्यात या काचेचा वाटा असतो. चालकाशेजारच्या प्रवाशाची एअरबॅग अनेक मोटारींत डॅशबोर्डच्या वरच्या बाजूने उघडते, काचेवर आपटते आणि मग प्रवाशाच्या पुढ्यात येते. डोळ्याची पापणी लवण्याच्या आत हे सारे घडते. त्या क्षणी काच निसटली, तर एअरबॅग काचेसकट बाहेर जाईल आणि प्रवासी उघडा पडेल. पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग २०२१ च्या अखेरपासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्यासाठी ग्राहकाने पैसे मोजले. मग ती ज्या भिंतीला टेकणार, ती भिंत पक्की आहे ना, हे कोण पाहणार?

काच फुटली की होते काय, ते पाहावे. विमा असूनही अनेक कुटुंबे दावा करत नाहीत. दावा केला तर पुढील वर्षीची ‘नो क्लेम बोनस’ची सूट जाते, ही भीती. सर्वसमावेशक विम्यात प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो. काचेवर मात्र घसारा कापण्याची पद्धत नाही, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. सूट वाचवण्यासाठी मग स्वस्तातली काच शोधली जाते आणि ती तासाभरात बसवून देणारा कारागीर गाठला जातो. उद्या पंढरपूरला निघायचे आहे, पाहुणे गाडीत बसून आहेत, लवकर आटपा, असा तगादा असतो. कारागिराला दोष देणे सोपे आहे. शिवाजी उद्यमनगरच्या परिसरात यंत्राचा कोणताही भाग नुसता पाहून घडवणारे हात आहेत, हे कोल्हापूरचे भूषणच आहे. पण हातात कौशल्य असले तरी वाट पाहण्याची मुभा ग्राहकाने द्यायला हवी.

काम नीट करायचे तर जुने द्रव्य योग्य जाडीपर्यंत कापून काढावे लागते. पत्र्यावर गंज असेल तर तो घासून प्राइमर लावावा लागतो. काचेची कड बोटांनी हाताळून चालत नाही, कारण तेलकट डागावर जोड धरत नाही. काचेच्या कडेने जी काळी, ठिपक्यांची पट्टी दिसते ती शोभेची नसते. खालच्या जोडाला उन्हातील अतिनील किरणांपासून वाचवण्यासाठी ती असते. हे द्रव्य हवेतील ओलाव्याने घट्ट होते. त्याच्या प्रकारानुसार आणि हवेनुसार गाडी रस्त्यावर आणण्याजोगी व्हायला तासापासून कित्येक तासांपर्यंत वेळ लागतो. तोवर दार जोराने आपटू नये. आतल्या हवेचा दाब ओल्या जोडाला बाहेर ढकलतो. काच एका बाजूने किंचित उघडी ठेवावी असे सांगतात ते याचसाठी. फर्निचरला किंवा न्हाणीघराच्या फरशीला लावायचे सिलिकॉन भरून काच बसवली, तर पावसाचे पाणी कदाचित आत येणार नाही. ती काच मोटारीला धरून राहील, असे मात्र मुळीच नाही.

काचेच्या कोपऱ्यात कोरलेली अक्षरेही वाचण्यासारखी असतात. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस २५५३ हा मानक क्रमांक, उत्पादकाचे नाव आणि काचेचा प्रकार तेथे असतो. दागिन्यावरचा हॉलमार्क भिंगातून पाहणाऱ्या गृहिणीने एकदा ही खूणही पाहावी. लहान टवका पडला असेल आणि तो चालकाच्या नजरेसमोर नसेल, तर राळ भरून तो दुरुस्त होऊ शकतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र दिरंगाई महागात पडते. टवक्यात पाणी मुरते, वातानुकूलन यंत्राचा गारवा आतून आणि ऊन बाहेरून काम करते, आणि रुपयाच्या नाण्याएवढी खूण आठ दिवसांत काचभर रेघ होते.

पट्ट्याविना काच अपुरी

लॅमिनेटेड काचेचे मोठे काम म्हणजे माणसाला गाडीबाहेर फेकले जाऊ न देणे. परंतु हे काम ती एकटी करू शकत नाही. सीट बेल्ट न लावलेला माणूस धडकेनंतर मोटारीच्या वेगानेच पुढे जात राहतो आणि काचेला किंवा पुढच्या आसनाला आपटून थांबतो. काच त्याचा चेहरा चिरण्यापासून वाचवील. मेंदूला बसणारा हिसका थांबवू शकणार नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सीट बेल्ट न लावलेल्यांची संख्या १६,७१५ होती, आणि त्यांतील निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला झालेल्या अपघाताने देश हळहळला. मोटार उंची होती, सुरक्षेची सर्व साधने तिच्यात होती. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे पट्ट्याविना बसलेले दोघे गेले.

कोल्हापूरच्या कुटुंबांत मागच्या आसनावर पट्टा लावणे हा अजूनही चेष्टेचा विषय आहे. जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात जाणाऱ्या, नृसिंहवाडीला पौर्णिमेला जाणाऱ्या गाड्या पाहाव्यात. पुढच्या आसनावर आई, तिच्या मांडीवर लहानगे, आणि त्याचे दोन्ही हात काचेवर. दहा किलोचे मूल ताशी ५० किलोमीटर वेगाच्या धडकेत आईच्या हातांना दीडशे-दोनशे किलोचे होते. कोणत्याही मातेचे वात्सल्य तेवढे वजन पेलू शकत नाही. मुलाला मागे, त्याच्या मापाच्या आसनात आणि पट्ट्यात बसवणे हेच वात्सल्य. पट्टा न लावण्याचा दंड २०१९ च्या कायद्याने एक हजार रुपये झाला आहे, पण दंडाच्या भीतीने लावलेला पट्टा तावडे हॉटेलचा चौक ओलांडला की सुटतो.

काचेवर काय काय चिकटवले जाते, याविषयी थोडे. काळ्या फिल्मविषयी सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी कठोर निर्णय दिला होता. पुढे नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून मानकांनुसार असलेल्या ग्लेझिंगला वाव मिळाला. प्रकाशाची मर्यादा मात्र तीच राहिली: पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. पुढाऱ्यांच्या आणि त्यांच्या अनुयायांच्या गाड्यांकडे पाहिले की, या टक्केवारीचे गणित कोल्हापुरात निराळे आहे काय, असा प्रश्न पडतो. देवाचे नाव काचेच्या वरच्या कडेला बारीक अक्षरांत असले तर कोणाची ना नाही. परंतु निम्मी काच झाकणारी अक्षरे, आरशाला लटकणाऱ्या माळा, डॅशबोर्डवर पक्की न बसवलेली पितळी मूर्ती, हे भक्तीचे लक्षण नव्हे. धडकेत ती मूर्ती काचेकडे किंवा माणसाकडे जाणार, आणि पितळ पुरेसे जड असते.

पाण्यात असताना

या काचेचा एक स्वभाव संकटात उलटा पडू शकतो आणि नद्यांच्या जिल्ह्याला तो ठाऊक असणे अगत्याचे आहे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या भाविकांची मिनीबस शिवाजी पुलावरून पंचगंगेत कोसळली आणि १३ जणांचा अंत झाला. त्या दुर्घटनेला काच कारणीभूत होती, असे कोणी म्हणणार नाही. तथापि, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेलेला कोल्हापूरकरांनी पाहिला आहे, आणि पाण्यात अडकलेल्या वाहनातून बाहेर कसे पडायचे, हे तरीही शिकवले जात नाही. पुढची काच लाथेने वा हातोडीने फोडण्यात वेळ दवडू नये; ती न सुटण्यासाठीच घडवलेली आहे. पट्टा सोडावा, वीज बंद पडण्यापूर्वी बाजूची काच खाली करावी, ते न जमल्यास टोकदार साधनाने त्या काचेच्या कोपऱ्यावर प्रहार करावा. बाजूची काच बहुधा टफन असते आणि एका घावात विखुरते. काही नव्या, महागड्या मोटारींत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येऊ लागल्या आहेत. कोणत्या खिडकीला कोणती काच आहे, हे त्या कोपऱ्यातल्या अक्षरांवरूनच समजते. ते शोरूममध्येच वाचून ठेवलेले बरे.

कोल्हापुरातून पुण्याला जाताना कऱ्हाडजवळ ओगलेवाडी लागते. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी तेथे काच कारखाना उभारला आणि ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचवला. त्याआधी, १९०८ मध्ये, लोकांच्या एकेका पैशातून जमलेल्या पैसा फंडाने तळेगावला काच कारखाना काढला होता. काच ही परदेशातूनच यायची वस्तू नव्हे, हे दाखवण्याचा तो स्वदेशीचा निर्धार होता. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींत मोटारींसाठी लागणारी ओतकामे होतात. त्याच मोटारींच्या काचांचे मोठे कारखाने मात्र जपानी आणि फ्रेंच कंपन्यांच्या सहभागाने चालतात. काच घडवण्याचे तंत्र आता मोठ्या भांडवलाचे झाले आहे, हे मान्य करावे लागेल. पण काच बसवण्याचे तंत्र भांडवल मागत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पंधरा दिवसांचा अभ्यासक्रम, गॅरेजमालकांच्या संघटनेने दिलेले प्रमाणपत्र आणि परिवहन कार्यालयाच्या तपासणीत दिव्यांबरोबर काचेची खूण व जोड पाहण्याची सक्ती, एवढ्याने पुष्कळ साधेल. आणि तपासणीचे हे काम ऊस हंगामाच्या आधी, ट्रॉल्यांच्या मागच्या दिव्यांपासूनच सुरू करता येईल.